खंजिरीवरची पदे आणि झाडीचा कंठ

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांविषयी आजवर झालेल्या लेखनात त्यांची संत, देशभक्त, ग्रामोद्धारक आणि संघटक ही रूपे विपुलतेने वर्णिली गेली आहेत. ती यथार्थच आहेत. परंतु स्वतः पद रचावे, स्वतः ते चालीवर बसवावे आणि खंजिरी हाती घेऊन स्वतःच ते हजारो माणसांपुढे गावे, हा जो त्यांचा आयुष्यभराचा उद्योग, ज्याच्या बळावर ते विदर्भात खेडोपाडी पोहोचले, त्याचा विचार मात्र ओझरताच झाला आहे. त्यांची पदे उद्धृत केली जातात ती त्यांतील विचारासाठी. पद हे गाण्यासाठी केलेले असते आणि गाणाऱ्याच्या तोंडी त्याचे काय होते यावर त्याचे यश अवलंबून असते, ही साधी गोष्ट समीक्षकांच्या ध्यानातून निसटलेली दिसते. प्रस्तुत लेखात तुकडोजी महाराजांकडे एक लोकप्रिय गायक-कवी म्हणून पाहावयाचे आहे, आणि तेही एका विशिष्ट जिल्ह्यातून. तो जिल्हा म्हणजे भंडारा.

भंडाराच का, असा प्रश्न कोणी विचारील. महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावलीचा, आश्रम मोझरीचा. त्यांच्या घरची बोली वऱ्हाडी. भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील, तलावांचा आणि धानाचा मुलूख. येथील बोली झाडी. वऱ्हाडात वऱ्हाडी गायक लोकप्रिय झाला तर त्यात भाषाभ्यासकाला उलगडण्याजोगे फारसे काही नाही. पण ज्या मुलखात ध्वनी निराळे, काही अंशी व्याकरणही निराळे, त्या मुलखाने त्याची पदे आपली म्हणून स्वीकारावी, लाखनी-साकोलीपासून पवनी-लाखांदूरपर्यंतच्या भजनी मंडळांनी ती पिढ्यान्‌पिढ्या गावी, हे कसे घडले याचा शोध मात्र घेण्यासारखा आहे. आणि हा शोध घेताना त्यांच्यावर येऊ शकणाऱ्या एका आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. तो आक्षेप असा की, खेड्याचा कैवार घेणाऱ्या या कवीने खेड्याची बोली मात्र आपल्या पदांत येऊ दिली नाही.

प्रथम त्यांचे चरित्र थोडक्यात, आणि तेही गायनाच्या धाग्याने. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव; जन्म १९०९ चा. शालेय शिक्षण अल्प झाले. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात बालपणाचा काही काळ गेला, आणि ‘तुकड्या’ हे नाव त्या गुरूंनीच दिले असे सांगतात. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत भ्रमण, आणि त्याच काळात चिमूरच्या परिसराशी जडलेला स्नेह. चिमूर हे झाडीपट्टीच्या कडेवरचे गाव. पूर्वेकडील बोली त्यांच्या कानी ऐन तारुण्यातच पडली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. १९३६ साली महात्मा गांधींच्या सान्निध्यात सेवाग्राम येथे त्यांचे सुमारे महिनाभर वास्तव्य झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस महाराजांना चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत काही महिने ठेवल्यानंतर डिसेंबरात त्यांची सुटका झाली. सरकारला भय वाटले ते प्रामुख्याने भजनांचे. ज्याचे गाणे लोकांना कळत नाही अशा माणसास कोणतेही सरकार अटक करीत नाही. पुढे १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले. त्याच वर्षाची ‘ग्रामगीता’. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधु समाजात त्यांचा पुढाकार होता. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन त्यांनी सैनिकांपुढे भजने गायिली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

या सर्व प्रवासात एक वस्तू अखंड आहे. ती म्हणजे खंजिरी. एका बाजूने कातड्याने मढविलेले लाकडी कडे, त्यात बसविलेल्या धातूच्या लहान चकत्या, एवढेच तिचे स्वरूप. परंतु गायक-कवीच्या दृष्टीने या वाद्याचे काही विशेष आहेत. ते एका हाती धरून दुसऱ्या हाताने वाजविता येते. त्यासाठी साथीदाराची अपेक्षा नाही. गळा आणि मुख पूर्णतः मोकळे राहतात. गाणारा केव्हाही थांबू शकतो, बोलू शकतो, आणि पुन्हा त्याच ठेक्यावर परतू शकतो. जपानमधील श्रोत्यांना त्या पदांतील एकही शब्द कळला नसणार. तेथे जे पोहोचले ते या कड्यातून. पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध नाही. आपला प्रश्न ज्यांना शब्द कळत होते त्यांच्याविषयीचा आहे.

नाममुद्रेपासूनच आरंभ करू. ‘तुकड्या’ या नावात तुकारामांच्या मुद्रेचा नाद स्पष्ट ऐकू येतो, आणि मराठी पदांच्या अखेरीस त्याला ‘म्हणे’ हे क्रियापद जोडले गेले की श्रोत्याच्या कानात चारशे वर्षांची परंपरा जागी होते. मात्र ‘-ड्या’ या प्रत्ययाने तिला एक निराळा रंग येतो. मराठीत हा प्रत्यय लाडिकपणा आणि क्षुद्रता या दोहोंचा वाचक आहे. शिवाय ‘तुकडा’ हा शब्द भाकरीची आठवण करून देतोच. अशी मुद्रा घेणारा कवी श्रोत्याच्या वर उभा राहू शकत नाही. हिंदी पदांत ‘म्हणे’च्या जागी ‘कहे’ येते, परंतु ‘तुकड्या’ तसाच राहतो. ‘ड्या’ हा मराठी प्रत्यय हिंदी वाक्यात निःसंकोचपणे बसतो. दोन भाषांत वावरणाऱ्या या कवीची नाळ कोणत्या भाषेशी होती ते या एका अक्षराने कळते.

आता भंडारा जिल्ह्याच्या भाषिक परिस्थितीकडे वळू. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या भागातील मराठीचा समावेश ‘नागपुरी’ या नावाखाली करण्यात आला. ती व्यवस्था प्रशासकीय नकाशाला सोयीची होती. परंतु वैनगंगेच्या पूर्वेची बोली नागपूरच्या बोलीहून निराळी आहे हे ज्याचे कान शाबूत आहेत त्यास सहज कळते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या दीर्घ परिश्रमांमुळे ‘झाडीबोली’ हे तिचे नाव आणि तिचे व्याकरण अभ्यासकांपुढे आले. तिचे आपल्या विषयास आवश्यक तेवढेच विशेष येथे सांगतो. झाडीत ‘ण’ नाही. त्याच्या जागी ‘न’ येतो. ‘ळ’ नाही; त्याच्या जागी ‘र’ येतो: डोळा तो ‘डोरा’, काळा तो ‘कारा’. ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘स’. नपुंसकलिंग फारसे उरलेले नाही. चतुर्थीचा ‘-ला’ हा प्रत्यय ‘-ले’ असा होतो. ‘मला’ ते ‘मले’. हा शेवटचा विशेष वऱ्हाडी आणि नागपुरी यांतही आहे. वऱ्हाडीतही ‘ण’चा ‘न’ होतो. मात्र तेथे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणजे डोळा तो ‘डोया’. याखेरीज जिल्ह्यात पोवारी, हलबी आणि गोंडी बोलणारे लोक आहेत, आणि तुमसरच्या बाजूस बालाघाट जिल्ह्याची सीमा लागत असल्यामुळे हिंदीचा वावर नित्याचा आहे.

या मुलखात जी लोककला फोफावली ती, दंडार आणि खडी गंमत, झाडीबोलीच्याच आश्रयाने वाढली. दंडारीत गडी झाडीत हसतो, भांडतो, टोमणे मारतो. आणि तोच गडी गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बसला की ‘ण’ आणि ‘ळ’ असलेली प्रमाण मराठी, अथवा सरळ हिंदी, गातो. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच समाजातील उच्च आणि नित्य अशा दोन भाषारूपांच्या वाटणीचे जे वर्णन केले, त्याचे एक लहानसे पण नमुनेदार उदाहरण म्हणून हे दाखविता येईल. येथेच आक्षेपकाला आधार सापडतो. तो म्हणेल की, महाराजांच्या भजनांनी खेडुताला असे शिकविले की हसण्याभांडण्यास बोली पुरे, परंतु देवापुढे आणि देशापुढे उभे राहावयाचे तर भाषा बदलली पाहिजे. हा आक्षेप हलका नाही. झाडीबोलीचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या मनात तो असणे स्वाभाविक आहे, आणि ज्यांनी ही बोली वर्गात बोलल्याबद्दल उपहास सोसला आहे त्यांना तो अधिकच टोचेल.

परंतु हा आक्षेप पदाच्या छापील रूपावर घेतला गेला आहे. पद गाइले जाऊ लागताच काय घडते ते पाहावे.

कल्पना करा की एका पदात ‘डोळा’ आणि ‘भोळा’ यांचे यमक आहे. मोझरीचा भजनी ते ‘डोया’ आणि ‘भोया’ असे गाईल. साकोलीचा ‘डोरा’ आणि ‘भोरा’ असे. तिन्ही ठिकाणी यमक अभंग राहते. ध्वनिपरिवर्तन नियमबद्ध असल्यामुळे एका बोलीत जुळणारे शब्द दुसरीतही जुळतात. मात्रांचेही तसेच. ‘ण’ऐवजी ‘न’, ‘ळ’ऐवजी ‘र’ किंवा ‘य’, ‘श’ऐवजी ‘स’ आल्याने एकही मात्रा कमी-अधिक होत नाही. ठेका चुकत नाही. उलट काही ठिकाणी बोलीमुळे यमक सुधारते. ‘गण’ आणि ‘मन’ हे प्रमाण मराठीत सैल यमक आहे. झाडीच्या तोंडी ते निर्दोष होते.

आता याच्या उलट विचार करा. महाराजांनी आपल्या घरच्या वऱ्हाडीत ‘डोया’ असे लिहून छापविले असते, तर भंडाऱ्याच्या गायकाला तो शब्द परका झाला असता. त्याला ‘य’वरून मूळ ‘ळ’ आणि ‘ळ’वरून आपला ‘र’ असा दुहेरी प्रवास मनात करावा लागला असता. झाडीत लिहिले असते तर वऱ्हाड तुटले असते. प्रमाण रूप हे या बोलींपैकी कोणाचेच बोलणे नव्हते, आणि म्हणूनच ते प्रत्येकीला आपल्या ध्वनीने उच्चारता आले. छापील पद म्हणजे जणू स्वरलिपी: कागदावर एक, कंठात अनेक. खेड्याची बोली पदात आली नाही हे खरे. पण ती गाण्यात प्रत्येक संध्याकाळी येत राहिली.

यास एक मर्यादा आहे, आणि ती नमूद केली नाही तर विवेचन एकांगी होईल. ध्वनी बदलतात तसे प्रत्यय सहजी बदलत नाहीत. ‘मला’ आणि ‘चला’ हे यमक घ्या. झाडीचा गायक ‘मले’ म्हणू लागला तर ‘चला’शी जुळणी तुटते. म्हणून यमकाच्या आणि ध्रुवपदाच्या स्थानी ‘-ला’ टिकून राहतो. चरणाच्या मध्यभागी, जेथे कोणाशी जुळावयाचे नसते, तेथे ‘-ले’ हळूच शिरतो, कारण ‘ला’ आणि ‘ले’ दोन्ही गुरूच. भजनात जाऊन बसणाऱ्या कोणासही हे पडताळून पाहता येईल. बोली आणि प्रमाण यांची सरहद्द येथे एकाच ओळीच्या आत पडलेली आढळते. मला हे त्या पदांचे वैगुण्य वाटत नाही. पण जे बोलीचे पूर्ण समर्थन तेथे शोधू पाहतील त्यांची निराशा होईल.

हिंदी पदांचा प्रश्न याहूनही मनोरंजक आहे. महाराजांनी मराठीप्रमाणेच हिंदीतही विपुल रचना केली. ‘लहरकी बरखा’ हा त्यांच्या हिंदी पदांचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्यांनी हिंदी का स्वीकारली, याचे राष्ट्रीय वृत्ती हे उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु एक ऐतिहासिक परिस्थितीही विसरता कामा नये. त्यांची बहुतेक कारकीर्द ज्या प्रांतात गेली तो मध्यप्रांत-वऱ्हाड, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील जुना मध्यप्रदेश, हा द्विभाषिक होता. नागपूर ही त्याची राजधानी. एका बाजूस अमरावती-अकोला, दुसऱ्या बाजूस रायपूर-जबलपूर. भंडारा हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. म्हणजे ज्या वयात कवीची भाषा घडते त्या वयात या कवीचा प्रांतच दोन भाषांचा होता. रायपूरच्या तुरुंगातील सोबत्यांपुढे तो मराठीत गाऊ शकत नव्हता, आणि तुमसरच्या बाजारात हिंदीत गाण्यास त्याला कोणतीही अडचण नव्हती.

परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने खरे मर्म पुढेच आहे. झाडीच्या भाषकाला हिंदी पद हे पुष्कळदा प्रमाण मराठी पदापेक्षा उच्चारास सोपे जाते. त्याच्या बोलीत ‘ळ’ नाही, हिंदीतही नाही. ‘ण’ त्याच्या बोलीत नाही. हिंदीत तो थोड्या संस्कृत शब्दांपुरता. त्याच्या बोलीत नपुंसकलिंग क्षीण. हिंदीत ते नाहीच. ‘पानी’ हा शब्द झाडीत आणि हिंदीत तंतोतंत एकच आहे. प्रमाण मराठीतला ‘पाणी’ हा या दोघांहून वेगळा. अशा रीतीने, पुण्याच्या वाचकास जे पद परभाषेतील वाटेल ते भंडाऱ्याच्या गायकाच्या जिभेला अधिक जवळचे ठरू शकते. यावरून झाडी ही हिंदीची बोली आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. भाषावार राज्यरचनेच्या काळात असल्या निष्कर्षांनी पुरेसा गोंधळ घातला आहे. तिचे प्रत्यय, तिची क्रियापदे, तिची वाक्यरचना मराठीचीच आहेत. सांगावयाचे इतकेच की ध्वनींची जवळीक आणि कुळाची जवळीक या दोन भिन्न गोष्टी असून गायकाला पहिली अधिक उपयोगी पडते.

‘लहरकी बरखा’ हे नावही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘लहर’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, परंतु हिंदी श्रोत्यास त्यात पाण्याची लाट प्रथम दिसते, मराठी श्रोत्यास चित्ताची ऊर्मी. ‘बरखा’ हा तर उत्तरेकडील लोकगीतांतून आलेला शब्द. असे शब्द एकत्र आणले की प्रत्येक श्रोता आपल्या परीने अर्थ लावतो, आणि कोणाचाच चुकत नाही. त्यांच्या छापील पदांवर चालीचा निर्देश असतो; मराठी पदावर ‘चाल’ म्हणून, हिंदी पदावर ‘तर्ज’ म्हणून. चाल श्रोत्यास आधीच परिचित असली की नव्या शब्दांचे निम्मे ओझे ती उचलते.

येथे गाडगे महाराजांशी तुलना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोघेही अमरावती जिल्ह्याचे, दोघांचे कार्य परस्परांस पूरक, आणि तरीही भाषेच्या बाबतीत दोघांचे मार्ग अगदी भिन्न. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन म्हणजे अस्सल वऱ्हाडीतील संवाद. ते प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच श्रोत्यांचे अज्ञान त्यांच्याच पदरात पडे. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. बोलीचे सामर्थ्य त्यांच्याइतके क्वचितच कोणी वापरले असेल. परंतु ते सामर्थ्य वक्त्याच्या देहाशी बांधलेले होते. गाडगेबाबा गावात आले की ते कीर्तन होई, गेले की आठवण राही. तुकडोजी महाराजांना असे काही हवे होते की जे ते निघून गेल्यावरही गावात होत राहील. त्यासाठी दुसऱ्याला गाता येईल असे पद हवे, ते छापता यावे, आणि जो कोणी ते हाती घेईल त्याला ते आपल्या गळ्यात घालता यावे. बोलीचा त्याग ही या हेतूची किंमत होती. माझ्या मते त्यांनी ती जाणूनबुजून दिली. कारण ज्याचे बालपण वऱ्हाडीत गेले त्याला बोली येत नव्हती असे तर म्हणता येणार नाही. त्यांच्या परंपरेतील अकोला जिल्ह्याचे सत्यपाल महाराज आपल्या सप्तखंजिरीवर गातात तेव्हा मधले निरूपण खुशाल वऱ्हाडीत करतात. गद्यात गाडगेबाबा आणि पद्यात तुकडोजी अशी ही वाटणी झाली आहे, आणि ती मला फार सयुक्तिक वाटते.

मग ‘ग्रामगीते’चे काय? ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांचा हा ग्रंथ महाराजांची सर्वश्रेष्ठ कृती मानला जातो. ग्रामसुधारणेच्या विचारांचा ग्रंथ म्हणून त्याचे मोल मोठे आहे. त्याविषयी वाद नाही. पण कवी म्हणून त्यांची परीक्षा या ग्रंथावर करण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाही. नावापासूनच भेद दिसतो. ग्रंथ गावाविषयी आहे, परंतु शब्द ‘ग्राम’ आहे. ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, असे तत्सम समास या ग्रंथाचा सांगाडा आहेत. अशा समासांना कोणताही कंठ आपलेसे करू शकत नाही. ‘ग्रामनिर्माण’चे झाडीत ‘गरामनिरमान’ होईल, पण त्याने तो शब्द झाडीचा होत नाही. पदांत जी युक्ती साधली होती, म्हणजे साधा शब्द प्रमाण रूपात द्यावा आणि बोलीने तो आपला करावा, ती येथे चालत नाही.

याहून महत्त्वाचे कारण रचनेत आहे. भजनात पुनरुक्तीचे काम समुदाय करतो. गायक ध्रुवपद म्हणतो, मंडळी ते उचलतात, आणि प्रत्येक चरणानंतर पुन्हा उचलतात. म्हणून कवीला एक गोष्ट एकदाच सांगून भागते. तो मितभाषी राहू शकतो. ओवीला मागे म्हणणारा समुदाय नाही. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. तेव्हा पुनरुक्तीचे काम कवीलाच करावे लागते, आणि तो तीच गोष्ट दोन-तीन ओव्यांत फिरवून सांगतो. ‘ग्रामगीते’तील जो पसरटपणा काही टीकाकारांना जाणवतो त्याचे मूळ विचारांच्या दारिद्र्यात नाही, भजनाची सवय असलेला कवी साथीवाचून एकटा पडला आहे, हे त्याचे मूळ आहे. यावर कोणी म्हणेल की ‘ग्रामगीता’ही गावात सामुदायिक रीतीने वाचली जाते. ते खरे आहे. पण सामुदायिक श्रवण आणि सामुदायिक गायन यांत जे अंतर आहे, ते भात पाहण्यात आणि जेवण्यात असते तेवढे आहे.

पदांचेही सर्वच काही समान मोलाचे नाही. उत्तरायुष्यातील पुष्कळ पदांत आज्ञार्थाचे राज्य आहे: करा, व्हा, उठा, सोडा. वक्त्याला आज्ञार्थ शोभतो. गायकाला तो एका मर्यादेपर्यंतच शोभतो, कारण ध्रुवपद जेव्हा मंडळी उचलतात तेव्हा आज्ञा देणारा आणि आज्ञा घेणारा एकच होतो, आणि कोणी कोणाला सांगत आहे तेच कळेनासे होते. ज्या पदांत संबोधन देवाला आहे, किंवा स्वतःच्या मनाला आहे, तेथे ही अडचण येत नाही; समुदायातील प्रत्येक जण ते संबोधन आपले म्हणून उच्चारू शकतो. माझ्या अनुभवास जी पदे भंडाऱ्याच्या खेड्यांत टिकून राहिलेली आढळली ती बहुतांशी या दुसऱ्या जातीची. राष्ट्रोद्धाराची आवाहने उत्सवाच्या दिवशी गाइली जातात. रात्रीच्या भजनात मन आणि देव.

या सर्वांवरून अभ्यासकांपुढे एक काम उभे राहते, आणि ते तातडीचे आहे. महाराजांच्या पदांच्या छापील आवृत्त्या उपलब्ध आहेत. परंतु गाइलेल्या पदांचे पाठ कोणी पद्धतशीरपणे नोंदविलेले मला ज्ञात नाहीत. छापील पाठ हाच शुद्ध आणि गायकाचा पाठ हा अपभ्रष्ट, अशी जी समजूत सुशिक्षित कार्यकर्त्यांत दृढ झाली आहे, तिच्यामुळे तरुण भजनी आता ‘ळ’ उच्चारण्याचा प्रयत्न करतात. ध्वनिवर्धकावरून येणारे मुद्रित गायन ऐकून ते आपला उच्चार दुरुस्त करतात. वृद्ध गायकांच्या तोंडी ‘डोरा’ अजून आहे. ज्या बोलीने ही पदे पन्नास-साठ वर्षे जिवंत ठेवली, तीच त्या पदांच्या नावाने पुसली जाणे हा प्रकार चमत्कारिक आहे, आणि त्याचा दोष पदकर्त्याकडे जात नाही.

नोंदणी करताना केवळ शब्द टिपून भागणार नाही. कोणत्या चरणात ‘-ला’ राहिला आणि कोणत्यात ‘-ले’ आला. ‘ळ’च्या जागी ‘र’ कोठे आणि तरुणांच्या प्रयत्नातून आलेला ‘ल’ कोठे. हिंदी पदातील ‘को’ कोणी मराठी वळणाने म्हणतो काय. एकाच गावातील पोवारी घरातील गायक आणि झाडी घरातील गायक यांच्या उच्चारांत भेद पडतो काय. दंडारीचा शाहीर भजनाला बसला तर त्याची तान कोणत्या कलेची असते. हे सर्व टिपावे लागेल. त्यासाठी तुमसर-मोहाडी हा एक पट्टा आणि साकोली-लाखांदूर हा दुसरा, असे दोन पट्टे आरंभास पुरेत. पहिल्यात हिंदी आणि पोवारी यांचा शेजार आहे, दुसऱ्यात झाडी अधिक निर्भेळ. पदे तीच घ्यावीत, दोन्हीकडे वृद्ध आणि तरुण असे दोन वयांचे गायक घ्यावेत, आणि गायन भजनाच्या नित्य वेळी, मंडळी बसलेली असताना नोंदवावे. एकट्या गायकाला समोर बसवून गावयास लावले तर तो छापील पाठ म्हणू लागतो.